दुसऱ्या पक्षकाराचे म्हणणे

रमजान हा कुरआनचा महिना. या महिन्यात इतर वाचन बाजूला ठेवावे अशी आपल्याकडे अनेक घरांत रीत आहे, आणि ती चांगली आहे. गेल्या रमजानमध्ये रोज एक पारा अर्थासह वाचण्याचा नेम मी केला होता. पण दुपारी, जोहरच्या नमाजनंतर असरपर्यंत जो वेळ उरतो, त्यात हाताला येतील ती पुस्तकेही वाचत गेलो. काही औरंगपुऱ्यातून विकत आणली, काही वाचनालयातून, काही मित्रांच्या कपाटातून. महिन्याअखेर यादी पाहिली तर ती विचित्रच होती. हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी, मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे', मौलाना मौदूदींच्या 'तफहीमुल कुरआन'चा एक खंड, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाकिस्तानवरचा ग्रंथ, संत एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आणि 'मिलिंदप्रश्ना'चा अनुवाद. या लेखकांना एका खोलीत बसवले असते तर चहा येण्याआधीच भांडण सुरू झाले असते.

"मामू, रोजे में ये सब कायकू पढ रैं?" असे आमच्या घरातल्या एका तरुणाने विचारले. त्याच्या प्रश्नात टोमणा नव्हता, कुतूहल होते. त्याला म्हणायचे होते ते असे, की ज्यांच्याशी आपले पटत नाही, किंवा ज्यांच्याविषयी आपला निर्णय आधीच झालेला आहे, त्यांना वाचून काय मिळवायचे? प्रश्न साधा वाटतो, पण तो नीतीचा आहे. ज्या लेखकाचे आपल्याला मान्य नाही त्याचे आपण काही देणे लागतो का? आणि लागत असू, तर किती?

या प्रश्नाचा विचार करताना मला एक प्रसिद्ध हदीस आठवते. हजरत अली यांना काझी म्हणून यमनला पाठवले जात होते. ते तरुण होते, न्यायदानाचा अनुभव नव्हता. तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना जी शिकवण दिली तिचा आशय असा, की दोन पक्षकार समोर बसले असतील तर पहिल्याचे जसे ऐकले तसेच दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय निवाडा करू नकोस, म्हणजे निवाडा काय करायचा ते तुला स्पष्ट होईल. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती आली आहे. आपण ही हदीस अदालतीपुरती ठेवतो. पण काझीच्या गादीवर आपण रोजच बसतो. चौकातल्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्टाफरूममध्ये माणसांविषयी आणि पुस्तकांविषयी निवाडे देणे हे आपले नेहमीचे काम आहे. "दलवाई? तो तर इस्लामचा दुश्मन." "मौदूदी? सगळ्या कट्टरतेचे मूळ तिथेच." या दोन वाक्यांपैकी एखादे बोलणाऱ्याला विचारून पाहावे, की त्यांचे कोणते पुस्तक वाचले? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. निवाडा वारशाने आलेला असतो. आधी कोणीतरी दिला होता, तोच आपण शिक्का मारून पुढे पाठवतो.

कुरआनच्या सूरह सादमध्ये हजरत दाऊद यांच्यासमोर आलेल्या दोन भांडणाऱ्यांचा प्रसंग आहे. एकाकडे नव्व्याण्णव मेंढ्या आणि दुसऱ्याकडे एकच. तीही पहिला मागतो आहे. ऐकणाऱ्याचे मन लगेच एक मेंढीवाल्याकडे जाते. हजरत दाऊद यांनीही त्याच्या बाजूने शब्द दिला, आणि लगोलग त्यांच्या लक्षात आले की ही आपली परीक्षा होती. ते सजद्यात गेले. काही मुफस्सिरांनी या परीक्षेचा अर्थ असा लावला आहे, की दुसऱ्याचे म्हणणे ऐकण्याआधी निर्णय दिला गेला. मला या अर्थात मोठी शिकवण दिसते. ज्याची बाजू उघडच दुबळ्याची आणि न्यायाची वाटते, त्याच्या बाबतीतही ऐकण्याची पायरी गाळता येत नाही.

महिनाभर तरावीह ऐकताना आणखी एक गोष्ट मनात घर करून राहिली. कुरआनने विरोधकांचे म्हणणे पुसून टाकलेले नाही. फिरऔनचा युक्तिवाद त्यात आहे. आदमसमोर झुकायला इब्लीसने नकार दिला, तेव्हा त्याने दिलेले कारण आहे. सडलेल्या हाडांना कोण जिवंत करणार, असे विचारणारा मक्केतला माणूस आहे, आणि ही तर जुन्या लोकांची रचलेली किस्सेकहाणी, असे म्हणणारेही आहेत. हाफिजसाहेब फिरऔनचे शब्दही त्याच तजवीदने, त्याच अदबीने पढतात. ते शब्द गाळले तर खत्म पूर्ण होत नाही. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच तोंडून मांडायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे, ही रीत आपल्या ग्रंथातच आहे. मग आपल्या वाचनात ती का नसावी?

या रीतीचे नमुने शोधायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. पैठण आमच्याच जिल्ह्यात. एकनाथ सोळाव्या शतकातले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते. म्हणजे नाथांचा मुसलमानांशी आलेला संबंध ऐकीव नव्हता, रोजच्या व्यवहारातला होता. त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त तुर्क हिंदूच्या देवांच्या कथांवर, सोवळ्याओवळ्यावर, मूर्तीवर तोंडभर टीका करतो. हिंदूही गप्प बसत नाही. देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का करता, जीव मारून देव कसा पावतो, असे तो विचारतो. बोलणी चांगली कडवट आहेत. मला विशेष वाटले ते हे, की लिहिणारा ब्राह्मण संत असूनही त्याने तुर्काच्या तोंडी लटके प्रश्न घातले नाहीत. त्याचे प्रश्न खरेच अडचणीत टाकणारे आहेत. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. हल्ली या रचनेचा उल्लेख होतो तो बहुधा त्या आलिंगनासाठी, सलोख्याच्या भाषणात. आधीचे भांडण कोणी वाचून दाखवत नाही. पण ते भांडण गाळले तर आलिंगनाला किंमत राहत नाही. ज्यांनी एकमेकांचे ऐकलेलेच नाही त्यांची गळाभेट फोटोपुरती असते.

शहरातच नागसेनवन आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा आणि नागसेन हा बौद्ध भिक्षू. राजाचे प्रश्न आणि भिक्षूची उत्तरे म्हणजे 'मिलिंदप्रश्न'. या ग्रंथात चर्चा सुरू होण्याआधी नागसेन एक अट घालतो. तू पंडितासारखी चर्चा करणार असशील तर मी बोलेन, राजासारखी करणार असशील तर नाही, असा तिचा आशय. पंडितांच्या चर्चेत खंडन होते, माघार घेतली जाते, पण कोणी रागावत नाही. राजा मात्र आपल्याशी न पटणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद अट मान्य करतो. पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ही अट लागू करावी असे मला वाटते. वाचक हा एकांतातला राजाच असतो. लेखक समोर नसतो, उलट बोलू शकत नाही. पुस्तक मिटले की त्याचे तोंड बंद. म्हणूनच वाचकाकडून अन्याय होण्याची शक्यता अधिक.

आपल्या परंपरेत ही अट सगळ्यात कसोशीने पाळली ती इमाम गझालींनी. यूनानी विचारांवर चालणाऱ्या फलसफ्यांचे त्यांना खंडन करायचे होते. पण त्यांनी त्या मतांचा नीट आणि निःपक्ष परिचय करून देणारे 'मकासिदुल फलासिफा' हे स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि खंडन 'तहाफुतुल फलासिफा'त केले. पहिल्या पुस्तकातली मांडणी इतकी प्रामाणिक, की ते लॅटिनमध्ये गेल्यावर युरोपातल्या अनेकांनी गझालींनाच त्या फलसफ्यांचा अनुयायी समजून टाकले! विरोधकाची बाजू इतकी चोख मांडणारे आज किती सापडतील? पुढे शतकभरात इब्ने रुश्द यांनी गझालींना उत्तर दिले, आणि तेही त्यांच्या ग्रंथाचा जवळजवळ सगळा मजकूर आपल्या ग्रंथात उतरवून घेत, मुद्द्यामागून मुद्दा. त्या काळात पुस्तकाची एकेक प्रत हाताने लिहावी लागे. तरी विरोधकाच्या शब्दांसाठी त्यांनी कागद खर्च केला.

आता त्या पुस्तकांकडे येतो, ज्यांनी मला खरा त्रास दिला.

१९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला आणि त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांचा 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ आला. त्याची रचनाच अदालतीसारखी आहे. पहिल्या भागात पाकिस्तानसाठी मुसलमानांचे म्हणणे, दुसऱ्यात त्याविरुद्ध हिंदूंचे म्हणणे, आणि मग पुढचा विचार. पहिला भाग वाचताना वाटते की लीगच्या वकिलांनाही आपली बाजू इतकी नेटकी मांडता आली नसती. पण याच ग्रंथात मुस्लिम समाजातील साचलेपणावर एक प्रकरण आहे. पडदा, जातीपाती, सुधारणेविषयीची उदासीनता यांवर त्यांनी हातचे न राखता लिहिले आहे. ते वाचताना मी मुसलमान म्हणून अस्वस्थ झालो. काही विधाने सरसकट आहेत असेही वाटले. आज या ग्रंथातली चारदोन वाक्ये मोबाईलवरून फिरत असतात, आणि पाठवणाऱ्याला ती आपल्या अंगावर फेकायची असतात. त्याच ग्रंथात हिंदू राज आले तर ती देशावरची मोठी आपत्ती ठरेल असा इशाराही आहे, तो मात्र तो पाठवत नाही. उलट आपल्यातले काही वक्ते हा इशारा तेवढा व्यासपीठावरून सांगतात आणि ते प्रकरण गुंडाळून ठेवतात. दोघेही एकच गुन्हा करतात. साक्षीदाराची अर्धी जबानी नोंदवून घ्यायची आणि उरलेली फाडून टाकायची, याला आपण कचेरीत काय म्हणू?

हमीद दलवाईंच्या बाबतीत आपल्या समाजाने जबानी नोंदवूनच घेतली नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तोंडी तलाकविरुद्ध. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही गाठण्याआधी ते गेले. त्या सात बायका काय मागत होत्या हे ऐकण्याऐवजी त्यांना कोणी आणले याचीच चर्चा अधिक झाली. शेवटी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला आणि २०१९ मध्ये संसदेने तो फौजदारी गुन्हा केला. त्या कायद्यातल्या कैदेच्या तरतुदीवर आपण नाराज झालो, आणि त्या नाराजीला कारणही आहे. पण घरातल्या फिर्यादीचे घरात पन्नास वर्षे ऐकले गेले नाही, तर ती फिर्याद कोणत्या दारात जाईल आणि तिथे तिचे काय होईल, हे आपल्या हातात राहत नाही.

याचा अर्थ दलवाईंचे सगळे मला पटले असा नाही. त्यांच्या राजकीय लेखनात मुस्लिम परंपरेकडे पाहण्याची दृष्टी मला अपुरी वाटते. त्या परंपरेच्या आत सुधारणेला साथ देणारे काही सापडेल याची उमेदच त्यांना उरलेली दिसत नाही. परंतु 'इंधन' वेगळी आहे. अनेक वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला नायक, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटत जाणारे गाव. १९६५ साली आलेल्या या कादंबरीत मुसलमान, कुळवाडी, महार या सगळ्यांना आपापले बोलणे आहे, आपापला राग आहे. कादंबरीकार दलवाई हे लेखक-कार्यकर्ते दलवाईंपेक्षा अधिक न्यायी काझी आहेत, असे माझे मत झाले. त्यांना केवळ शत्रू म्हणणाऱ्यांनी किंवा केवळ झेंडा करणाऱ्यांनी ही कादंबरी वाचली तर दोघांचीही थोडी गैरसोय होईल.

आणि दलवाईंची बाजू ऐकून झाल्यावरही एक जबानी उरते, मेहरुन्निसाबाईंची. १९९५ मध्ये त्यांचे आत्मकथन आले. समाज सुधारायला निघालेल्या माणसाचा संसार नोकरी करून कोणी ओढला, त्याच्या दुखण्यात उशाशी कोण बसले, हे त्यातून कळते. सुधारकाच्या आणि उलेमांच्या वादात जिच्या नावाने दोघे बोलतात, तिला स्वतःला काय म्हणायचे आहे, हे विचारायचे बहुधा राहूनच जाते. वाचनातही तिचा क्रमांक शेवटी लागतो.

मौलाना मौदूदी तर आमच्याच शहरातले. आज ज्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे, त्या, तेव्हाच्या निजाम राजवटीतील औरंगाबादेत २५ सप्टेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. 'तफहीमुल कुरआन' त्यांनी १९४२ ते १९७२ अशी तीस वर्षे लिहिली. मदरशात न शिकलेल्या, शाळाकॉलेजात गेलेल्या माणसाशी ते ज्या सोप्या आणि बांधेसूद उर्दूत बोलतात, तसे बोलणारे फार नाहीत. प्रत्येक सूरहच्या आधी तिची पार्श्वभूमी सांगणारी प्रस्तावना मला फार उपयोगी पडली. त्यांना न वाचता 'कट्टर' म्हणून मोकळे होणाऱ्या आपल्या पुरोगामी मित्रांनी निदान एक खंड चाळावा.

पण काझीने ऐकून घेतल्यावर निवाडाही द्यायचा असतो. १९५३ च्या पंजाबमधील दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर समितीने मौलानांना विचारले होते, की पाकिस्तानात तुम्हाला हवे तसे इस्लामी राज्य आले, तर भारतात हिंदूंनी आपल्या धर्मावर आधारलेले राज्य आणून मुसलमानांना मनूच्या कायद्याखाली शूद्र-म्लेंच्छांसारखे वागवले तर चालेल का? १९५४ च्या अहवालात त्यांचे उत्तर नोंदलेले आहे. आपली हरकत असणार नाही, असेच ते होते. ज्या गल्ल्यांत त्यांचे बालपण गेले, त्याच गल्ल्यांत राहिलेल्या लाखो मुसलमानांच्या हक्कांवर त्यांनी एका वाक्यात पाणी सोडले. त्यांचे तर्कशास्त्र सुसंगत होते, हे मी मान्य करतो. ते सुसंगत होते म्हणूनच मला ते नाकारावे लागते. जे राज्य दुसऱ्याच्या माथी मारायचे, ते स्वतःच्या माथी येईल तेव्हा मला मान्य होणार नसेल, तर ते मी कोणासाठीच मागू शकत नाही. तफसीरकाराविषयी आदर आणि राजकीय विचारवंताला नकार, या दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात. दोन्ही राहिल्या नाहीत तर मी त्यांना वाचलेच नाही असे होईल.

इथे एक रास्त आक्षेप येतो. प्रत्येकाचे ऐकायचे, तर जे आपल्या नागरिकत्वावर, आपल्या असण्यावरच घाव घालतात त्यांचेही ऐकायचे का? सकाळपासून मोबाईलवर येऊन पडणाऱ्या विखारी मजकुरालाही पक्षकाराचा मान द्यायचा का? माझ्या मते नाही. अदालतीत पक्षकार तोच, जो समोरच्याला उत्तर देण्याची जागा ठेवतो. आंबेडकरांनी ती ठेवली. नाथांच्या तुर्काने आणि हिंदूनेही ठेवली. दलवाई वाद घालत राहिले, म्हणजे समोरचा बोलेल असे त्यांनी गृहीत धरले. अदालतीवर दगड मारणाऱ्या जमावाला कोणी पक्षकार म्हणत नाही. त्याची नोंद घ्यावी लागते, सुनावणी नव्हे. मात्र ही सवलत जपून वापरली पाहिजे. जे लेखन आपल्याला बोचते त्या सगळ्यालाच द्वेषाचे लेबल लावून सुनावणीतून सुटका करून घेण्याचा मोह मोठा असतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. आयुष्य लहान, पुस्तके अमाप. सगळ्यांचे ऐकणे कोणालाच शक्य नाही. हे खरे आहे, आणि म्हणून न वाचलेल्या लेखकाविषयी गप्प राहण्याची मुभा आपल्याला आहे. "मी वाचलेले नाही" हे तीन शब्द बोलायला कुठलाही वेळ लागत नाही. न वाचता दिलेला निवाडा मात्र गवाही न घेता दिलेला निवाडा आहे. दुसऱ्या माणसाच्या अब्रूचा प्रश्न त्यात येतो, म्हणजे तो हुकूकुल इबादचा, माणसांच्या हक्कांचा मामला होतो. माणसाचा हक्क त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही, असे आपण मानतो. लेखक मरून गेलेला असेल तर माफी मागायची कोणाकडे?

वाचक आणि काझी यांच्यात एक मोठा फरक आहे. काझी वादाच्या बाहेर असतो. वाचक बहुधा आत असतो. आंबेडकरांच्या त्या प्रकरणात आरोपी मीच आहे. दलवाई माझ्याच घराविषयी बोलतात. मौदूदी मलाच हाक मारतात. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होणे कोणालाही अवघड. सूरह माइदामध्ये बजावले आहे, की एखाद्या कौमविषयीचा राग तुम्हाला इन्साफ सोडायला लावू नये. राग येऊ नये, असे तिथे म्हटलेले नाही. राग येईल, तो येऊ द्यावा. त्याच्या हातात लेखणी देऊ नये, एवढेच.

यासाठी मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. पुस्तक संपल्यावर लेखकाचे म्हणणे माझ्या शब्दांत असे सांगता आले पाहिजे, की तो समोर असता तर म्हणाला असता, "होय, हेच मला म्हणायचे होते." ते जमेपर्यंत मत देऊ नये. जमल्यावर मात्र मत दिलेच पाहिजे. "सगळेच आपापल्या जागी बरोबर" असे म्हणून उठून जाणारा काझीही आपले काम टाळतोच.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण मराठी समाजाला सांगत आलो आहोत, की आमचे ऐका. आमच्याविषयी ऐकीव गोष्टींवरून मत बनवू नका. ही मागणी न्याय्य आहे. ती करणाऱ्याने आपल्या कपाटातल्या पुस्तकांनाही तेवढाच न्याय दिला पाहिजे. २०२१ पासून आमच्या शहरात मोहल्ला लायब्ररीची चळवळ चालू आहे, आणि वस्तीतली लहान मुले तिथून पुस्तके घरी नेतात. त्या मुलांना कोणते लेखक आपले आणि कोणते परके, याची यादी आपण आधी हातात देऊ नये. ती वाचतील, भांडतील, आणि मग ठरवतील. ज्ञान मिळवलेस त्याचे काय केलेस, हा प्रश्न कयामतच्या दिवशी विचारला जाईल असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या प्रश्नात हेही येत असावे, की ज्याचे ज्ञान तू नाकारलेस, त्याचे आधी ऐकले होतेस का?